गाळलेला प्रश्न

‘‘नाही,’’ नवरा म्हणाला, आणि आतल्या खोलीत एका पायात बूट चढवून दुसरा शोधणारी ती जागच्या जागी थांबली.

बाहेर श्रमशक्ती पाहणीची मुलगी बसली होती. मांडीवर टॅब, गळ्यात ओळखपत्र, आवाजात प्रशिक्षणात शिकवलेलं मार्दव. लोक घरी सापडावेत म्हणून या मुली भल्या सकाळी दारं वाजवतात हे तिला ठाऊक होतं; ती ज्या सांख्यिकी कार्यालयात नोकरीला होती तिथूनच त्या निघायच्या. पण इतक्या घरांतून नेमकी आपल्याच घराची निवड होईल हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. ‘‘यांचं आधी लिहून घ्या, मी आलेच,’’ असं आतूनच ओरडून ती पलंगाखाली वाकली होती. मुलीने पहिला प्रश्न विचारला, मागच्या आठवड्यात पैशासाठी किंवा घरच्या धंद्यात निदान तासभर तरी काम केलंत का. तो नाही म्हणाला. त्यात नवीन काही नव्हतं. रंगाच्या कारखान्यातली नोकरी सुटून त्याला अडीच वर्षं होत आली होती, आणि त्या ‘नाही’चं घरात आता कुणाला काही वाटेनासं झालं होतं. मग मुलीने विचारलं, ‘‘मागच्या चार आठवड्यांत काम शोधलंत का? म्हणजे कुठे अर्ज, कुणाला भेटणं, ओळखीत सांगून ठेवणं, असं काहीही?’’ आणि तो पुन्हा नाही म्हणाला. अगदी सहज. चहात आणखी साखर हवी का विचारल्यावर म्हणावं तसं. टॅबने बारीकसा आवाज केला आणि मुलगी पुढच्या प्रश्नाकडे वळली.

चार आठवडे! रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत फाईल धरून हा माणूस तिच्याबरोबर जिना उतरायचा. कोपऱ्यापर्यंत दोघं सोबत चालायची. तिथून ती बसथांब्याकडे वळायची आणि तो ‘‘बघतो काही जमतंय का’’ म्हणून उलट्या दिशेला. संध्याकाळी ती विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, कळवतो म्हणालेत. कोण म्हणाले, कुठले म्हणाले, हे तिने खोदून विचारणं कधीच सोडलं होतं. जखमेवरची पट्टी रोज उचलून बघू नये, अशा समजुतीने. पट्टीखाली काय चाललंय ते मात्र आता तिला एका परक्या मुलीच्या प्रश्नामुळे कळत होतं. तिचा हात पलंगाखालच्या बुटावर पडला आणि तिथेच राहिला. बूट गार होता. बाहेर मुलगी विचारत होती, ‘‘घरात आणखी कोण?’’ तो म्हणाला, ‘‘बायको. ती नोकरी करते. आकडे जुळवते कसले तरी, देशादेशांचे.’’ मुलगी हसली. बूट चढवून ती आतून बाहेर आली तेव्हा मुलीने तिला ओळखलं नाही, तिनेही ओळख दिली नाही. आपली उत्तरं तिने भराभर दिली. काम केलंत? हो. किती तास? नेहमीचेच. जाताना मुलीने ठरलेलं वाक्य म्हटलं, ‘‘तुम्ही दिलेली माहिती गुप्त राहील. ती तुमच्याविरुद्ध कुठेही, कुठल्याही कारणासाठी वापरली जाणार नाही.’’ नवऱ्याने मान डोलावली. तिनेही डोलावली. ते वाक्य तिला तोंडपाठ होतं. प्रशिक्षणाच्या वर्गात ती नव्या पोरींना हसत हसत सांगायची, घटस्फोटाला निघालेल्या बायकोलासुद्धा नवऱ्याचं पाहणीतलं उत्तर त्याच्या तोंडावर फेकता येत नाही बरं का.

आणि म्हणूनच जिना उतरताना तिची जीभ उचलेना. दुसरी कुठलीही बाई पहिल्या पायरीवरच गरजली असती, की कामच शोधत नाहीस तर रोज उठून जातोस कुठे? पण तिने ते चोरून ऐकलं होतं. त्याने ते उत्तर तिला दिलं नव्हतं, कार्यालयाला दिलं होतं. आणि कार्यालय म्हणजे तीच. इतक्या वर्षांच्या नोकरीने तिच्या अंगात हा एक विचित्र सोवळेपणा भिनला होता, की गुप्त म्हटलं म्हणजे गुप्त, मग भले ते स्वतःच्या घरातलं का असेना. कोपऱ्यावर तो थांबला, फाईल या बगलेतून त्या बगलेत घेतली आणि रोजच्यासारखंच म्हणाला, ‘‘चल, सरासरीबाई. बघतो काही जमतंय का.’’ सरासरीबाई हे त्याने लग्नाआधीच ठेवलेलं नाव. ती ‘‘बघ’’ म्हणाली. तो गेला त्या दिशेला ती बस येईपर्यंत पाहत राहिली. पाठमोरा तो कामाला निघालेल्या चारचौघा पुरुषांसारखाच दिसत होता, जरासा घाईतसुद्धा.

तिच्या टेबलावर त्या दिवशी नेमका तोच तक्ता होता. वार्षिक अहवालातलं तिचं प्रकरण म्हणजे देशोदेशींच्या श्रमशक्ती सहभागाची तुलना, तीस वर्षांची. आणि यंदा साहेबांना पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांची आकृती वेगळी हवी होती. हिशोब तसा साधा. माणसांचे तीन ढीग करायचे. काम करणारे, काम शोधणारे, आणि दोन्ही न करणारे. पहिले दोन ढीग मिळून श्रमशक्ती; ती लोकसंख्येच्या शंभरात किती, तो सहभागाचा दर. तिसऱ्या ढिगाचं काय, असं प्रशिक्षणात कुणीतरी हटकून विचारायचं. तिसरा ढीग मोजायचा नाही, ती सांगायची, तो उरतो. या साध्या हिशोबात एक गंमत होती, आणि ती गंमत समजावताना तिला नेहमी थोडा चेव यायचा. बेरोजगार माणसाने काम शोधणं सोडलं की तो बेरोजगार राहत नाही. तो उचलला जातो आणि तिसऱ्या ढिगात जाऊन पडतो. म्हणजे लोकांनी हातपाय गाळले की बेरोजगारी घटते, आणि वर्तमानपत्रं आनंदाने तसं छापतात. पोरी हसायच्या. आज ती पडद्यावरच्या रेषांकडे बघत बसली आणि तिला वाटलं, चहा निवायच्या आत झालं ते. त्या मुलीने बोट टेकवलं आणि माझा नवरा इकडून उचलून तिकडे ठेवला. बेरोजगारी तेवढी कमी झाली असणार, कुठल्यातरी दशांशाच्या पुढे, जिथे कुणी बघत नाही.

‘‘मॅडम, दोन दशांश ठेवायचे की एक?’’ शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला. हा तिचा सहकारी, ज्याला सगळं कार्यालय पाठीमागे ‘दशांश’ म्हणायचं, आणि त्याला ते माहीत असून तो त्यावर खूश असायचा. माणूस सरळ होता, पण अर्धा टक्काही त्याला अर्धा म्हणून चालायचा नाही. ‘‘एक पुरे,’’ ती म्हणाली. ‘‘एकात आपला देश आणि शेजारचा देश बरोबरीत येतो,’’ दशांश म्हणाला, ‘‘दोनांत आपण खाली जातो.’’ ‘‘मग जाऊ खाली,’’ ती म्हणाली. त्याने चमकून बघितलं, कारण हे तिच्या तोंडचं वाक्य नव्हतं.

आकृतीत वीस देशांच्या वीस रेषा होत्या. बहुतेक सगळ्या डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत आल्या होत्या, काही मध्येच थोड्या सावरून. दोन-तीन रेषा तुटक होत्या. जिथे एखाद्या देशाने व्याख्या बदलली, तिथे रेषा मोडून नवी सुरू करायची आणि खाली तळटीप द्यायची, अशी पद्धत. तिचं निम्मं आयुष्य या मोडलेल्या जागा सांधण्यात गेलं होतं. कुठल्या देशात चौदाव्या वर्षापासून मोजतात, कुठे सोळाव्या. कुठे सैनिक धरतात, कुठे वगळतात. कुणी मागचा आठवडा विचारतो, कुणी मागचं वर्ष. जे एका मापाचं नाही त्याची तुलना नाही, हे तिचं ब्रीद. आणि ब्रीदापायी तीन वर्षांपूर्वी प्रश्नावली सुधारणा समितीत तिने एक प्रश्न गाळायला लावला होता. ‘काम शोधलंत का?’ याला नाही असं उत्तर आलं, की पूर्वी पाहणीत पुढचा प्रश्न यायचा, ‘का नाही?’ माणसं लांबण लावून उत्तर द्यायची, कुणी रडायचं, पाहणीवाल्या मुलींचा अर्धा तास मोडायचा. वीसपैकी बहुतेक देश हा प्रश्न विचारत नाहीत, ती समितीत म्हणाली होती, मग त्या उत्तरांची तुलना करणार कुणाशी? जे मांडता येणार नाही ते विचारायचं कशाला? सगळ्यांना पटलं होतं. साहेबांनी तर टेबलावर हलकेच थाप मारली होती. एकटा दशांश पुटपुटला होता, ‘‘पण मॅडम, कळायला बरं होतं.’’ आज सकाळी टॅबने आवाज केला आणि मुलगी पुढच्या प्रश्नाकडे वळली, ती त्या थापेमुळे. तो प्रश्न तिथे असता तर नवऱ्याने काहीतरी सांगितलं असतं. खरं किंवा खोटं, पण काहीतरी, आणि पलंगाखाली हात घालून बसल्या बसल्या तिने ते ऐकलं असतं. ती उठली, खिडकीपाशी गेली, पुन्हा येऊन बसली.

खरं म्हणजे ‘कुणीतरी विचारायला हवं’ हे तिच्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? ती आठ-नऊ वर्षांची असताना त्यांच्या घरी असाच एक पाहणीवाला आला होता, पत्र्याची पेटी घेऊन. बाबा खुर्चीत बसून उत्तरं देत होते. आणि ह्या? पाहणीवाल्याने आईकडे पेन करून विचारलं. ‘‘ती काही नाही करत, घरीच असते,’’ बाबा म्हणाले. आई तेव्हा पाहणीवाल्यासमोर पाण्याचा पेला ठेवत होती आणि तिच्या मधल्या बोटात टोपण होतं, शिवताना सुई लागू नये म्हणून घालायचं. दिवसभर ती हातमोज्यांना बोटं शिवायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, घरभर पोकळ बोटं पसरलेली असायची, जेवणाच्या ताटाशेजारीसुद्धा. टोपण तेवढं आईने काढून पदरात धरलं, जणू चोरी सापडली. पुढे नोकरीत आल्यावर देशोदेशींच्या बायकांच्या रेषा बघताना आईचं ते टोपण घातलेलं बोट तिला नेहमी दिसायचं. एखाद्या देशाची रेषा एका वर्षात झपकन वर जाते, म्हणजे काही त्या वर्षी बायका अचानक कामाला लागलेल्या नसतात. त्या वर्षी कुणीतरी खुर्चीतल्या माणसाला सोडून त्यांना विचारलेलं असतं. या एका वाक्यावर तिने केवढाले निबंध वाचले होते, परदेशी पाहुण्यांसमोर. टाळ्या पडल्या होत्या. आणि त्याच तोंडाने तिने ‘का नाही?’ गाळला होता. माणूस आपल्या आईच्या बाबतीत शहाणा असतो आणि नवऱ्याच्या बाबतीत आंधळा, असं काहीतरी असावं, ती स्वतःशी म्हणाली, आणि तो विचार तिला आवडला नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने साहेबांना गाठलं. साहेब डबा उघडत होते. ‘‘तो ‘का नाही’ परत घालता येईल का प्रश्नावलीत, पुढच्या फेरीपासून?’’ साहेबांनी घास हातातच ठेवला. ‘‘तुम्हीच तर काढलात.’’ ‘‘हो. चुकलं.’’ ‘‘चुकलं कसं? तुम्ही म्हणाला होतात तेच बरोबर आहे. इतर देश विचारत नाहीत. उद्या रकाना भरला तर तो ठेवणार कुणाशेजारी?’’ तिचंच वाक्य तिच्या पुढ्यात, जरा शिळं होऊन आलेलं. साहेब मऊपणे म्हणाले, ‘‘बरं वाटत नाहीये का? घरी सगळं ठीक?’’ ‘‘ठीक,’’ ती म्हणाली. ‘‘मिस्टरांचं काही जमलं का?’’ ‘‘बघतायत,’’ ती म्हणाली, आणि तो खोटेपणा नवऱ्याचा की आपला, हे तिला कळेना.

दुपारभर ती रेषांना रंग देत बसली. वीस रेषा वेगवेगळ्या दिसायला वीस रंग लागतात, आणि हे काम तिला कधीच जमलं नव्हतं. तिच्या लेखी रंग पाच-सहाच. बाकीचे फिकट नाहीतर गडद. नवरा यावरून तिला छळायचा. कारखान्यात तो रंगाची छटा जुळवायचा. गिऱ्हाईक कापडाची चिंधी आणून द्यायचं, आणि तसाच्या तसा रंग पिंपात उतरला की नाही हे हा नुसता डोळ्याने सांगायचा. तिथे त्याला ‘नजर’ म्हणत. ‘‘नजरेला दाखवलंत का? मग पाठवा पुढे.’’ तो घरी आला की भिंतीला, बशीला, तिच्या स्वेटरला नावं ठेवायचा. हा आरशावर फुंकर मारल्यावरचा राखी. हा उकळून उकळून मेलेल्या चहाचा. हा तापातल्या गालाचा गुलाबी. त्या काळात ती आकृत्यांचे कागद घरी आणायची आणि तो जेवणाच्या टेबलावर पसरून, चष्मा कपाळावर चढवून देशांना रंग वाटायचा. ‘‘या दोघांना शेजारी बसवू नकोस, भांडतील. हा तुझा उत्तरेकडचा देश फार मिजासखोर आहे, याला मातकट दे, उतरू दे जरा.’’ तिच्या अहवालांतल्या आकृत्यांची बाहेरच्या देशांतले लोकही तारीफ करत, एवढ्या रेषा आणि एकही दुसरीत मिसळत नाही म्हणून. ते श्रेय त्याचं आहे हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही तळटीप लागत नव्हती. मग कारखान्याने छटा वाचणारं यंत्र आणलं. यंत्राला चहा लागत नाही, एवढंच तो त्या दिवशी म्हणाला. तरी सुरुवातीला त्याने उमेद सोडली नव्हती. लहान कारखान्यांना यंत्र परवडत नाही, कुठेतरी नजर लागेलच, म्हणायचा. परगावच्या दोन ठिकाणी जाऊनही आला. मागल्या वर्षी मात्र तिने नेहमीसारखा कागद टेबलावर पसरला तेव्हा तो बघून न बघितल्यासारखं करून म्हणाला, ‘‘तुझं तूच ठरव. कंटाळा आलाय मला.’’

तो शब्द तिच्या मनात घर करून बसला होता. कागदाचा कंटाळा नव्हे, आपला, असंच तिने धरलं होतं. त्यानंतर एकेक गोष्ट त्या हिशोबात बसतच गेली. स्वयंपाकघरातल्या बटणाजवळ पोपडा निघाला तेव्हा त्याने स्वतः रंग लावला, आणि तो तुकडा भिंतीवर दारातूनसुद्धा ठिगळासारखा दिसायचा. पूर्वी असं दुसऱ्याने केलं असतं तर तो आठवडाभर जेवला नसता. फळं आणायला जाईना. ‘‘पिकलंय की नाही तूच बघ बाई.’’ आणि तो हिरवा स्वेटर. थंडीच्या सुरुवातीला तिने मुद्दाम, निव्वळ त्याला डिवचायला, दुकानातला सगळ्यात भडक हिरवा स्वेटर उचलला होता. निदान चिडेल तरी. तो घालून ती त्याच्यासमोर गोल फिरली. त्याने मान वर केली, क्षणभर बघितलं आणि म्हणाला, ‘‘छान आहे.’’ या माणसाने जन्मात कुठल्या रंगाला छान म्हटलं नव्हतं. ती न्हाणीघरात जाऊन रडली होती, नळ सोडून. त्याला आता आपण दिसतच नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं, अगदी याच शब्दांत.

तिचा हात माऊसवर थांबला. पडद्यावर विसावी रेषा, आपल्या देशाची, अजून बिनरंगाची होती. तिने ते शब्द पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हटले, आणि या वेळी त्यांतलं ‘आपण’ गळून पडलं. भिंतीवरचं ठिगळ, फळं, स्वेटर, हा कागद. तीस वर्षांच्या रेषा बघून वळण कुठे आलं ते ती डोळे मिटून सांगायची. आणि घरातलं वळण तिने वर्षभर दुसऱ्याच रकान्यात लिहिलं होतं. ‘‘मॅडम, आपल्या देशाला कुठला देताय?’’ दशांशाने विचारलं. ‘‘निळा,’’ ती म्हणाली. तिला दुसरं नाव सुचलं नाही. मग तिने आकृतीचा मोठा छाप काढला, घडी न करता गुंडाळला, आणि वेळ संपायच्या आधीच पर्स उचलली. दशांश घड्याळाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

तो घरी आला होता. टेबलाशी बसला होता, सकाळी मुलीने ओढून घेतलेली खुर्ची तशीच समोर तिरकी होती. फाईल दाराजवळ टेकवलेली. ‘‘आज लवकर?’’ त्याने विचारलं. ‘‘काय झालं?’’ हे एरवी ती त्याला विचारायची. ती त्या तिरक्या खुर्चीत बसली. बसताच सकाळचं ते गुप्ततेचं वाक्य तिच्या डोक्यात पुन्हा उभं राहिलं, आणि तिला स्वतःचाच मनस्वी राग आला. उत्तर वापरायचं नाही ना? ठीक. पण प्रश्न? तो तर आता कुणाचाच नव्हता. कार्यालयाने तो टाकून दिला होता, कुणीही उचलावा.

‘‘का नाही?’’ ती म्हणाली.

‘‘का नाही काय?’’

‘‘काम शोधलं का नाहीस?’’

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि त्याला उमगलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं; पण तो खुर्चीत सैल झाला, बोजा खाली ठेवल्यासारखा. ‘‘त्या मुलीने विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं तिला,’’ तो म्हणाला. ‘‘परकी होती. तयारी करून बसलो होतो. पण ती पुढेच गेली.’’

तिने ओठ आवळले. ‘‘मग मला सांग.’’

तिने गुंडाळलेला कागद टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांना हाताला लागेल ते ठेवलं. पेला, चाव्या, चष्म्याचं घर, आपली मूठ. ‘‘यात आपला देश कुठला?’’ तिने विचारलं. त्याने कागद थोडा जवळ ओढला. चष्मा कपाळावर चढवला, जुन्या सवयीने, मग पुन्हा खाली घेतला. मान तिरपी केली, पक्षी दाणा बघताना करतो तशी, आणि कडेकडून बघू लागला. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं.

‘‘मला सगळे देश सारखेच दिसतात गं,’’ तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. परगावच्या त्या दुसऱ्या कारखान्यात त्यांनी त्याच्यापुढे चिंध्या ठेवल्या आणि याने ठामपणे दोन जुळवून दिल्या, तेव्हा तिथला माणूस वरमून बाजूला बघायला लागला. दोन डॉक्टर झाले. थांबवता येत नाही म्हणतात, हळू करता आलं तर बघू म्हणतात. चालता येईल, माणसं ओळखू येतील बरीच वर्षं, पण रंग जातायत. हिरवा आधी गेला. ‘‘आणि मी काम शोधू म्हणजे काय शोधू? नजर म्हणून जाऊन सांगू काय?’’ रोज तो कापडबाजारात जायचा. दुकानांपुढे मांडलेल्या गठ्ठ्यांसमोर उभं राहून मनातल्या मनात रंगाचं नाव घ्यायचं आणि मग दुकानदाराला विचारायचं, हा कुठला. सुरुवातीला जमायचं बरंचसं. आता दुकानदार त्याला लांबून बघूनच पाठ फिरवतात, वेडा म्हणून. ‘‘तुला कसं सांगणार? तू म्हणायचीस ना, नजर गेली तर तुझ्यात दुसरं आहे काय.’’

असं ती म्हणाली होती. लग्नानंतर लगेच, गमतीने, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून. तिला आता हसता येईना आणि रडताही येईना. ‘‘तो स्वेटर भडक हिरवा होता रे,’’ ती म्हणाली, ‘‘घाणेरडा,’’ आणि मग रडू आलंच. तो उठला नाही. त्याने टेबलावरून हात पुढे केला, तिच्या मुठीवर ठेवला, आणि मूठ सुटल्याबरोबर कागदाचा तो कोपरा गुंडाळत वर आला.

तिने कोपरा पुन्हा दाबला. डोळे पुसले. मग त्याचं बोट धरून ते कागदाच्या डाव्या कडेला, निळ्या रेषेच्या टोकावर नेऊन ठेवलं. ‘‘हा आपला,’’ ती म्हणाली, आणि बोट हळूहळू पुढे ढकलू लागली. ‘‘इथे तुझा कारखाना निघाला. इथे सपाट आहे. इथे आपलं लग्न, इथे थोडा चढ. हे माझी आई गेली ते वर्ष.’’ तो बोटाकडे बघत नव्हता, तिच्या आवाजाच्या मागोमाग येत होता. मध्ये एके ठिकाणी तो ‘‘थांब’’ म्हणाला, आणि ती थांबली, मग दोघं पुढे गेली. उजवीकडे बोट खाली खाली उतरत आलं, तसा तिने हात सैल केला.

‘‘खाली चाललीय ना?’’ त्याने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘आणि बाकीच्यांच्या? त्यांच्याही जातायत?’’

त्या एकोणीस रेषा तिला तोंडपाठ होत्या. कुठली कुठे उतरली, कुठली सावरली, झोपेतून उठवलं असतं तरी तिने सांगितलं असतं. तिने त्याच्या बोटाखाली अडकलेल्या निळ्या टोकाकडे बघितलं.

‘‘बाकीच्या देशांचं मला काही माहीत नाही,’’ ती म्हणाली.